कर्नलसाहेबांची जोंगा

माझी शेवटची पोस्टिंग मुलुंड पूर्वेला झाली. सरकारने केली नाही, माझी मीच करून घेतली. नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, भांडुपला घरी बसलो, आणि दर रविवारी सकाळी टूलबॅग घेऊन कर्नल आगाशे साहेबांच्या बिल्डिंगमध्ये जायला लागलो. बायको म्हणायची, "सगळं आयुष्य फौजेत गेलं, आता तरी सुट्टी घ्या ना." मी म्हणायचो, सुट्टी मंजूर झालेली नाही. ती कपाळावर हात मारून घ्यायची.

जायचो ते साहेबांसाठी आणि त्यांच्या जोंगेसाठी. सिव्हिलमधल्या लोकांना जोंगा समजावून सांगावी लागते. जीपची थोरली बहीण म्हणा. लांब नाक, रुंद छाती, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि पेट्रोल पिण्याची भयंकर हौस. फौजेने त्या कधीच मोडीत काढल्या. साहेबांनी एक लिलावात घेतली आणि मुलुंडला आणून बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभी केली. सोसायटीने पार्किंगवरून बोंबाबोंब केली. साहेबांनी पंधरा ऑगस्टला सगळ्या पोरांना तिच्यात बसवून मुलुंडभर फिरवलं. त्यानंतर बोंब बंद झाली.

साहेब आमचे सी.ओ., म्हणजे युनिटचे प्रमुख होते, तेव्हा युनिट राजस्थानात होतं. मी नायक, व्हेइकल मेकॅनिक. साहेबांचा ड्रायव्हर परब. परब मालवणकडचा, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. सकाळी उजाडल्यावर गाड्यांची फर्स्ट परेड व्हायची. तेल, पाणी, टायर, बॅटरी, मग स्टार्ट. सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्या की साहेब ऑफिसमधून बाहेर येऊन उभे राहायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. "चव्हाण, डावीकडून तिसरी. एक सिलिंडर मारत नाही." मी जाऊन बघायचो. प्लग फुटलेला निघायचा. मला मेकॅनिक असून ऐकू आलेलं नसायचं. माझं डोकं फिरायचं, पण करणार काय, कान त्यांचे बरोबर असायचे.

पेन्शनीत हीच परेड मुलुंडला व्हायची. परब कांजूरला राहायचा, शाळेची बस चालवायचा. रविवारी तोही यायचा. साहेब खुर्ची टाकून शेडसमोर बसायचे. परब तेलपाणी बघायचा, मी प्लग आणि पॉइंट्स. गाडी सुरू झाली की हायवेच्या टोल नाक्यापर्यंत एक चक्कर. परब चालवायचा, साहेब शेजारी, मी मागे. परत आल्यावर मॅडम, म्हणजे साहेबांच्या मिसेस, वरून थालीपीठ पाठवायच्या. परब दरवेळी म्हणायचा, "ह्या थालीपीठासाठी मी ल्हान्स नायक परत व्हईन." साहेब म्हणायचे, "तुला परत कोण करणार लान्स नायक?" असं बरीच वर्षं चाललं.

मग साहेबांची फुप्फुसं गेली. एकाएकी नाही, हळूहळू. आधी टोल नाका बंद झाला, मग जिना, मग बोलणं तुटक झालं. शेवटी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. तेव्हाच माझ्या पुतणीचं लग्न आलं, मी गावी गेलो. परत आलो त्याच दिवशी मॅडमचा फोन. "चव्हाण, डॉक्टर म्हणतात घरी न्या. आता इथे ठेवून काही उपयोग नाही." पुढे त्यांना बोलवेना. फोन साहेबांनी घेतला असावा, कारण मास्क काढल्याचा आवाज आला.

"चव्हाण."

"जी साब."

"ॲम्ब्युलन्समधून घरी जाणार नाही. जोंगा आण. परबला घे. उद्या सकाळी. ओव्हर."

फोनवर ओव्हर म्हणायची सवय त्यांना त्या आजारात लागली होती. श्वास पुरत नसे, त्यामुळे वाक्य संपलं की मध्येच थांबले, ते समोरच्याला कळत नसे. ओव्हर म्हटलं की आपण बोलायचं, आउट म्हटलं की बोलणं संपलं. मी विचारलं, साब, ऑक्सिजनचं काय? ते म्हणाले, "सिलिंडर मागे. तू धरशील. ओव्हर." मॅडमनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, त्यांच्या मनासारखं होऊ दे, सोबत नर्स देतो. यावरूनच मी काय ते समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर परब आधीच हजर. तोंडभर हसत होता. त्याने गाडीवरचं कव्हर ओढलं. जोंगा लखलखत होती. नवीन ऑलिव्ह ग्रीन, चाकांच्या नटांवर पांढरा ठिपका, बंपरवर पट्टे. जनरल साहेबांच्या इन्स्पेक्शनला करतात तशी.

"कसा वाटता, उस्ताद? सायब घराक येतले म्हणान सगळा रंगवलंय. बस सुटल्यार रोज येय होतंय."

मला खरंच भरून आलं. म्हटलं, झकास केलंस रे. मग मी बॉनेट उघडलं.

आतही ऑलिव्ह ग्रीन. इंजिन, एअर क्लीनर, बॅटरीचा ट्रे, कॉइल, कॉइलचा क्लॅम्प, डिस्ट्रिब्युटर. फौजेत एक म्हण आहे, हलेल त्याला सॅल्यूट मार, हलणार नाही त्याला चुना मार. आम्ही दगड रंगवलेत, झाडांना गेरू लावलाय, कोळशाचा ढीग चौकोनी करून त्याला पांढरी कड काढली आहे. इन्स्पेक्शन म्हटलं की आमच्या हातात आपोआप ब्रश येतो. आणि परब कामचुकार नव्हे. त्याने वरवर फासलं नव्हतं. इंजिनची अर्थिंगची पट्टी काढली, खाली रंग, वर रंग, परत घट्ट लावली. कॉइल काढली, तिच्याखाली रंग. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतल्या कडेनेही ब्रश फिरवला.

"अरे गाढवा! डिस्ट्रिब्युटरला रंग?"

"गंजलेलो होतो."

"अर्थिंगला रंग लावतात का रे? करंट परत जाणार कुठून, तुझ्या डोक्यातून?"

"माका काय म्हायत! मी ड्रायव्हर. तू गावाक जावन बसललंस."

बरोबर होतं त्याचं. मी दात ओठ खात ब्लेड आणि सँडपेपर काढला. स्टार्टर दाबला तर फक्त टक्. अर्थिंगची पट्टी खरवडून धातू उघडा केला. स्टार्टर फिरला. कॉइलचं बूड खरवडलं, डिस्ट्रिब्युटरची बैठक खरवडली. झाकण काढून पॉइंट्स बघितले. पॉइंट्स म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन लहान जोड असतात, इंजिन फिरतं तसे ते उघडतात आणि मिटतात. उघडले की कॉइल एक ठिणगी टाकते. सहा सिलिंडरला सहा ठिणग्या, प्रत्येकीची वेळ ठरलेली. मी पॉइंट्स साफ केले, बोटाने उघडून बघितले. ठिणगी आली, निळी, चांगली. परब म्हणाला, "झाला!" मी म्हटलं, मार स्टार्टर.

स्टार्टर फिरला. रर्र, रर्र, रर्र. इंजिनने साधा हुंकार दिला नाही.

पेट्रोल बघितलं. येत होतं. प्लग काढले, सहाच्या सहा ओले. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. टायमिंग बघितलं, जागेवर. प्लगच्या वायर क्रमाने लावल्यात का, बघितलं. बोटाने पॉइंट उघडला की ठिणगी, स्टार्टर मारला की नाही. हे असं का, ते मला कळेना. इतकी वर्षं हेच काम केलं, पण तेव्हा माझी मती गुंग झाली. हॉस्पिटलातून निघायची वेळ झाली. मॅडमचा फोन आला. मी म्हटलं, थोडं थांबा. त्यांनी पुन्हा केला. तिसऱ्यांदा मीच केला आणि म्हटलं, मॅडम, ॲम्ब्युलन्स घ्या.  परब जिन्याच्या पायरीवर बसला आणि हाताने तोंड झाकून रडायला लागला. मी त्याला शिव्या घातल्या, उठवलं, परत कामाला लावलं.

दुपारी ॲम्ब्युलन्स कंपाउंडमध्ये आली. स्ट्रेचर शेडसमोरून गेलं. साहेबांनी मान वळवली. उघडं बॉनेट बघितलं, नवा रंग बघितला, परबचं तोंड बघितलं. सगळं त्यांना तिथेच समजलं असणार. मास्क बाजूला करून म्हणाले, "परब, स्मार्ट टर्नआउट."

इन्स्पेक्शनला द्यायचे तीच शाबासकी. परब सावधानमध्ये उभा राहिला. "जी साब."

"काय झालंय?" हे मला.

"इग्निशन, साब. ठिणगी येते आणि जाते."

"हं. मला एकदा बसायचंय तिच्यात. नुसतं गेटपर्यंत. पण चालू गाडीत. ओव्हर."

त्यांना वर नेलं. पहिला मजला, शेडच्या बरोबर वरची खोली. पलंग खिडकीशी लावून घेतला. काही वेळाने माझा फोन वाजला. मॅडमनी फोन त्यांच्या उशीशी स्पीकरवर ठेवला होता.

"चव्हाण, टायगर बोलतोय. रिपोर्ट. ओव्हर."

वायरलेसवर सी.ओ.ला टायगर म्हणतात. इतक्या वर्षांनी ते नाव ऐकून माझी पाठ आपोआप ताठ झाली. मी रिपोर्ट दिला. पेट्रोल ओके, कॉम्प्रेशन ओके, टायमिंग ओके, अर्थिंग साफ केलं.

"स्टार्टर मार. फोन इंजिनजवळ धर. ओव्हर."

मारला. ते ऐकत होते.

"स्टार्टर हळू फिरतोय. बॅटरी बदल. मग बोल. आउट."

परब रिक्षाने जाऊन नवी बॅटरी घेऊन आला. स्टार्टर जोरात फिरला. गाडी नाही. मग ते म्हणाले कंडेन्सर. जुना होता, मी बदलला. मग म्हणाले कॉइल. ती मुलुंडला मिळेना. घाटकोपरला नाही. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात एका दुकानदाराने पोटमाळ्यावरून काढून दिली, धूळ फुंकून. म्हणाला, "चाचा, ये गाड़ी अभी भी चलती है?" मी म्हटलं, चलेगी. ती लावली. गाडी नाही. मग सोसायटीच्या माणसांनी धक्का मारला, गल्लीच्या टोकापर्यंत. मॉर्निंग वॉकला निघालेली माणसं, दूधवाला, समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन, सगळे घामाघूम. परबने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. चाकं नुसती घासली. घाटकोपरहून ओळखीचा एक मेकॅनिक आला, चांगला होतकरू माणूस. त्याच्या हातात स्कॅनर. म्हणाला, "काका, ह्याचं पोर्ट कुठेय?" मी म्हटलं, बाबा, ही गाडी तुझ्या आजोबांच्या वेळची, हिला पोर्ट नाही. त्याने वायर हलवून बघितल्या, डोकं खाजवलं, चहा पिऊन गेला.

दिवस असे गेले. मी सकाळी जायचो, अंधार पडायच्या आत निघायचो, कारण संध्याकाळनंतर साहेबांना ग्लानी यायची. दर वेळी स्टार्टर मारला की वरून फोन यायचा. आवाज रोज थोडा बारीक होत होता. मला खरं सांगायचं तर त्या फोनची भीती वाटायला लागली होती. सांगायला काही नसायचं. "नाही, साब." "हं. पुढचं बघ. ओव्हर." त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

एकदा गाडी बोलली. मी पॉइंट्सचा नवा सेट बसवला होता. परबने स्टार्टर मारला आणि इंजिन फट् करून उडालं. एकदा, दोनदा, धूर निघाला, मग बंद. फोन लगेच वाजला.

"पकडली होती! पुन्हा! पुन्हा मार! ओव्हर!"

पुन्हा मारला. पुन्हा. बॅटरी उतरेपर्यंत मारला. काही नाही. वर साहेबांना खोकल्याची उबळ आली, ती आम्हाला फोनवर ऐकू येत होती. मॅडमनी फोन बंद केला. परब मला म्हणाला, "उस्ताद, आता काय करूचा?" मी म्हटलं, मला विचारू नको. खरंच विचारू नको.

त्या दुपारी मॅडम खाली आल्या. शेडमध्ये त्या कधी यायच्या नाहीत, त्यांना पेट्रोलचा वास सहन होत नसे. पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चव्हाण, मी एक सांगू? दुसरी कुठली तरी गाडी आणा आणि खिडकीखाली चालू करा. ते डोळे मिटून असतात. त्यांना नुसतं ऐकायचंय हो. मन शांत होईल."

मी म्हटलं, मॅडम, साहेबांना फसवायचं?

"मी सांगतेय ना."

परबच्या ओळखीचा एक माणूस भांडुपला लग्नाच्या वरातीसाठी जुनी पेट्रोल जीप भाड्याने देतो. परब ती घेऊन आला. मागे नवरदेवाची मखमली खुर्ची, बाजूला झेंडूच्या माळा, पुढे चमकीच्या अक्षरांत कुणाची तरी नावं. आम्ही ती शेडसमोर खिडकीखाली लावली. एवढ्या दुःखात मला हसू आलं, काय करणार. परबने चालू केली. सुंदर चालू झाली. मी फोन लावला. 

"साब, चालू झाली. ओव्हर."

 वरून ऑक्सिजनचा बुडबुड आवाज आला. मग साहेब बोलले, एकेक शब्द ठेवत.

"ही चार सिलिंडरची आहे. माझी नाही."

 परबने हळूच जीप बंद केली.

"मॅडमची आयडिया?"

"जी साब."

"त्यांना सांगू नको, मी ओळखली. काम चालू ठेव. आउट."

मी जन्मात कुठल्या साहेबापुढे एवढा लहान झालो नव्हतो. मॅडमनी वरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "ऐकलं का त्यांनी?" मी म्हटलं, ऐकलं मॅडम, खूश झाले. त्या समाधानाने आत गेल्या. परब वरातीची जीप परत द्यायला गेला. मी डिस्ट्रिब्युटर उघडून नुसता बघत बसलो. सगळं बरोबर होतं. प्रत्येक पार्ट नवा किंवा साफ. फौजेत आम्हाला शिकवलंय, एक एक करून बाद करत जा, उरेल तो दोष. मी सगळं बाद केलं होतं. दोष उरत नव्हता, आणि वर माणूस संपत चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॉनेटमध्ये वाकून टेस्ट लॅम्प लावत होतो. परब सीटवर. मी म्हटलं, मार. स्टार्टर फिरला. नेहमीसारखं काही नाही. फोन वाजेल म्हणून मी हात पुसले. वाजला नाही. म्हटलं, परत मार. परत मारला. मग वरची खिडकी उघडली. मॅडम उभ्या होत्या.

"चव्हाण," त्या म्हणाल्या, "आता राहू द्या."

परबचा हात स्टार्टरवरच होता. मी तो काढून घेतला. आम्ही दोघं वर गेलो. साहेबांचं तोंड खिडकीकडे होतं. मॅडमनी सांगितलं, शेवटपर्यंत शुद्धीत होते, तुमचा पहिला स्टार्टर ऐकला, दुसऱ्याला नव्हते. मी सॅल्यूट केला. बूट नव्हते, पायात मॅडमच्या घरातल्या सपाता होत्या. मग बाहेर जिन्यात येऊन मी भिंतीवर डोकं टेकवून रडलो. लाज वाटली नाही.

काय बिघडलं होतं ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत तेच विचारत बसेल. तेराव्यानंतर मी डिस्ट्रिब्युटर घरी आणून टेबलावर खोलला. कॉइलपासून पॉइंट्सपर्यंत आत एक बोटभर वायर जाते. कापडी वेष्टनाची, मऊ, कारण ती सारखी हलत असते. तिच्यावर रंगाचे दोन थेंब पडून वाळले होते. वेष्टन लाकडासारखं कडक झालं आणि आतली तार तुटली. बाहेरून अखंड, आतून तुटलेली. बोट लागलं की टोकं जुळायची, ठिणगी यायची. इंजिन हललं की सुटायची. मी पॉइंट्स बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. ती वायर अखंड दिसली म्हणून तिला हात लावला नाही. परबला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याने प्रेमाने रंगवली होती. तुम्हाला तो कुठे भेटला तर तुम्हीही सांगू नका.

साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं ठरलं. जुन्या युनिटची माणसं जमली. ठाण्याचे, बोरिवलीचे, अंधेरीचे, कोणी कल्याणहून. कोणी फौजी बेरे टोपी घातलेली, कोणी मेडल लावलेली, पोटं सुटलेली, गुडघे दुखणारी. शववाहिनी बोलावली होती, ती गेटवर येऊन उभी राहिली. परब तिच्यासमोर जाऊन आडवा उभा राहिला.

"सायब ह्याच्यातसून जावचे नाय. सायब आपल्या गाडयेतसून जातले."

"परब, ती सुरू होत नाही," मी म्हटलं. "तू आहेस ना साक्षीला?"

"सुरू कित्याक होऊक व्हयी? पुल-आउट करया."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सिव्हिलवाल्यांसाठी सांगतो. सी.ओ. कमांड सोडून युनिटमधून जातो, तेव्हा त्याची गाडी इंजिनवर जात नाही. इंजिन बंद ठेवायचं, बंपरला दोर बांधायचे, आणि त्याच्या माणसांनी ती गेटपर्यंत ओढत न्यायची. बाजूला जवान रांगेत उभे राहून जयजयकार करतात. याला पुल-आउट म्हणतात. आम्ही इतके दिवस इंजिनच्या मागे लागलो होतो, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

सोसायटीच्या दहीहंडीचे दोर वॉचमनच्या खोलीत होते. ते आणले. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पुढे बसेन." साहेबांना तिरंग्यात नाही, त्यांच्या नेहमीच्या खादीच्या शालीत गुंडाळलं होतं. जोंगेच्या मागच्या बाजूला अंथरूण घालून त्यांना ठेवलं. परब स्टीअरिंगवर बसला, गाडी न्यूट्रलमध्ये. मॅडम शेजारी. मी दोराच्या पहिल्या जागी. कोणीतरी कॉल दिला, "खींच के!" आणि जोंगा शेडमधून बाहेर निघाली.

जोंगा काही हलकी गाडी नाही. आमच्यापैकी कोणी तरुण नव्हतं. गल्लीच्या वळणावर एकाला दम लागला, तो बाजूला बसला, थोड्या वेळाने धावत येऊन परत दोराला लागला. दुकानदार बाहेर आले, रिक्षावाल्यांनी रिक्षा कडेला घेतल्या. ट्रॅफिक हवालदाराने सिग्नल हाताने थांबवला आणि टोपी सरळ करून उभा राहिला. आम्ही जयजयकार केला नाही. नुसते श्वास ऐकू येत होते, आणि टायर. साहेबांची गाडी इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

स्मशानाच्या गेटशी परबने हँडब्रेक ओढला. पुल-आउटमध्ये इथे साहेब खाली उतरतात, दोर धरलेल्या प्रत्येक माणसाचा हात हातात घेतात, नाव घेऊन दोन शब्द बोलतात, आणि मगच जातात. तोपर्यंत दोर कोणी सोडायचा नसतो. आम्ही दोर धरून, गाडीकडे तोंड करून, सावधानमध्ये उभे राहिलो. कोणी हलेना. घाम डोळ्यांत जात होता, तो कोणी पुसेना. किती वेळ गेला कोण जाणे.

मग मॅडम पुढच्या सीटवरून उतरल्या, आमच्याजवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो, आज त्यांना उतरवावं लागेल."